नामर्दीचा शिक्का आणि मनाचा उपचार

हा विषय या पानावर घ्यायचा की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. अंक विहारात ठेवलेला असतो, घरात सुना वाचतात, दहावीतली पोरं वाचतात. शेवटी आठवण निघाली ती १९३४ सालच्या खटल्याची. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, लोक विचारतात तर त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे, अशी बाबासाहेबांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी ज्या गोष्टीसाठी कोर्टात उभं राहणं कमीपणाचं मानलं नाही, ती आपल्या पानावर लिहायला आपण का लाजावं?

तर विषय असा : संबंधाच्या वेळी पुरुषाला ताठरता येत नाही, किंवा येते पण टिकत नाही. गावात याला नामर्दी म्हणतात. आम्ही हा शब्द वापरत नाही. हा आजार आहे, त्याला कारणं असतात आणि बहुतेकांवर उपचार होतो.

सोनारीत काय किंवा आजूबाजूच्या गावांत काय, ही तक्रार आमच्याकडे पुरुष घेऊन येत नाहीत. त्यांच्या बायका येतात. त्याही सरळ बोलत नाहीत. बीपी मोजून झालं, सगळ्या उठून गेल्या, की एखादी मागं रेंगाळते. “ताई, मालकांचं काही जमंना. माझ्यावरच चिडत्यात.” कुणाला मूल नाही म्हणून सासू बोलते, आणि खरं कारण तिला एकटीला माहीत असतं. कुणाचा नवरा लाजेपायी दारूकडे वळलेला असतो आणि दारूनं दुखणं आणखी वाढलेलं असतं. कुणी उलट बायकोवरच संशय घेतो. आजार एकाच्या शरीरात आणि मार दुसरीच्या अंगावर, हे आम्ही फार वेळा पाहिलं.

आता मुख्य प्रश्न. बोलून हा आजार बरा होतो का? मानसोपचार, समुपदेशन याचा खरंच उपयोग आहे, की ती शहरातल्या लोकांची चैन? आमचं उत्तर आहे : उपयोग आहे, आणि चांगला आहे. पण आधी शरीर तपासायचं.

ताठरता म्हणजे रक्ताचा खेळ आहे. मेंदू हुकूम देतो, नसा तो पोचवतात, रक्तवाहिन्या सैल होतात आणि इंद्रियात रक्त भरतं. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. बीपी, तंबाखू, बिडी, दारू यांचंही तसंच. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी तुंबतात. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला ही तक्रार हळूहळू सुरू झाली, तर ती पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. अशा माणसाला नुसतं “टेन्शन घेऊ नका” म्हणून परत पाठवणारा त्याच्या जिवाशी खेळतो. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासली जाते. ती तपासणी ही पहिली पायरी.

काही जण बीपीच्या गोळीनं असं होतं म्हणून गोळीच बंद करतात. काही गोळ्यांनी होतंही, पण मग डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची. आपल्या मनानं सोडली तर एक दिवस लकवा मारतो.

मन कुठं येतं ते आता बघा. तरण्या पोराला पहाटे उठताना ताठरता येते, एकटा असताना येते, फक्त बायकोजवळ गेल्यावर जाते. याचा अर्थ नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा ठीक आहेत. अडतं भीतीपाशी. पहिल्या रात्री जमलं नाही, किंवा दिवसभर ऊस तोडून अंग मोडलेलं असताना जमलं नाही, किंवा दारू पिऊन जमलं नाही. असं कुणालाही होतं. पण याच्या डोक्यात बसतं की मी कामातून गेलो. पुढच्या वेळी त्याचं सगळं लक्ष स्वतःवर : येतेय का, जातेय का. भीतीनं अंगात जे रसायन सुटतं ते रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे जमत नाहीच. भीती पक्की होते. लहानपणापासून ऐकलेलं असतंच, की वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हस्तमैथुनानं माणूस खलास होतो. हे साफ खोटं आहे. पण या खोट्याच्या धाकानं खरोखरीचा आजार होतो.

शुगरवाल्याचंही असंच आहे. सुरुवात शरीरानं होते, आणि दोनचार वेळा फजिती झाली की मनही त्यात येऊन बसतं. म्हणून एकट्या गोळीनं कित्येकांचं पुरतं भागत नाही. २००७ साली जगभरातले ११ लहान अभ्यास एकत्र तपासले गेले, मिळून ३९८ पुरुष. गटात बसवून दिलेल्या मानसोपचारानं फरक पडला, आणि गोळीबरोबर मानसोपचार दिल्यावर एकट्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला. माणसं थोडी आहेत, म्हणून फार मोठा दावा आम्ही करत नाही. पण रुग्णांना बघून आम्हाला जे वाटत होतं, त्याच दिशेचं हे आहे.

मानसोपचार म्हणजे नक्की काय करतात? वेडाचे शॉक नव्हेत. समुपदेशक दोघांना, निदान त्याला तरी, बसवून विचारतो : कधीपासून, कोणत्या वेळी, घरात काय चाललंय, कर्ज किती, झोप कशी. चुकीच्या समजुती काढतो. मग जोडप्याला सांगतात की काही आठवडे संबंध करायचाच नाही. नुसतं जवळ बसायचं, हात लावायचा, बोलायचं. परीक्षाच रद्द झाल्यावर नापास होण्याची भीती राहत नाही. ही पद्धत अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली मांडली. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग चालवला.

इथं आमची एक तक्रार आहे. ही सगळी पद्धत ज्यांच्या घरात निजायची वेगळी खोली आहे, अशांसाठी लिहिलेली आहे. पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसं, मध्ये साडीचा पडदा, आई खोकतेय, पोरगं जागं आहे. तिथं सावकाश जवळ बसायचं कुठं? आणि ऊसतोडीच्या कोपीत तर तेही नाही. आम्ही जोडप्यांना सांगतो, दुपारी घर रिकामं असेल तो तासभर धरा, म्हाताऱ्या माणसाला विहारात पाठवा. कुणी हसतं, कुणी करूनही बघतं. पण घरकुल मिळणं हाही या आजाराच्या उपचाराचा भाग आहे, हे कुठल्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

माणूस दवाखान्यात येत नाही म्हणून तो तंबूवाल्याकडे जातो. आठवडी बाजारात, एसटी स्टँडच्या भिंतीवर, आता मोबाईलवर : गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं अशा जाहिरातीला बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. भिंती तरी रंगलेल्याच. त्यांच्या ‘जडीबुटी’त कधीकधी इंग्रजी गोळीच कुटून घातलेली असते. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसानं अशी पुडी घेतली तर बीपी एकदम खाली जाऊन तो दगावू शकतो. शेळी विकून पुडी आणायची आणि वर जिवाला धोका.

मग सोनारीच्या माणसानं जायचं कुठं? परंड्याला जावं, नाहीतर बार्शी, धाराशिव. शेतकरी आत्महत्यांच्या काळात आपल्या जिल्ह्यात प्रेरणा प्रकल्प आला, आशाताई घरोघर मनाची विचारपूस करू लागल्या. हे चांगलंच झालं. पण आशाताई बाई, त्यांना पुरुष हे कसं सांगणार? सरकारी रुग्णालयात एचआयव्हीच्या तपासणीसाठी समुपदेशक बसतो. लैंगिक गोष्टी न लाजता, गुपित ठेवून बोलायचं शिक्षण त्याला मिळालेलंच असतं. त्यालाच थोडं आणखी शिकवून आठवड्यातून एक दुपार पुरुषांसाठी ठेवायला काय हरकत आहे? नवीन इमारत नको, नवीन पद नको. रुग्ण कल्याण समितीपुढे ही मागणी घेऊन आम्ही जाणार आहोत, आणि त्या दिवशी नुसत्या बायका नकोत, वस्तीतले चार पुरुषही बरोबर यावेत. कोण येतंय ते कळवा.

तोपर्यंत टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. आणि दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीवर सगळ्यांसमोर काही सांगायची गरज नाही. “बीपी-शुगर तपासायची आहे” एवढंच म्हणा, बाकीचं आत डॉक्टरांना सांगा. तोंडानं सांगवत नसेल तर कागदावर दोन ओळी लिहून न्या.