हिरकणीला शिकवता आलं असतं?

थंडी पडली की लिंगाण्याच्या सुळक्यावर दर शनिवार-रविवारी दोर लागतात. पुण्या-मुंबईच्या संस्था येतात. कुणी मोहरीकडून बोराट्याची नाळ उतरून, कुणी महाडमार्गे पाने गावातून लिंगाणामाचीवर. तिथं दोन तऱ्हेची तरुण मुलं दिसतात. एकाच्या गळ्यात शिट्टी असते आणि कमरेला कॅराबिनरचा खुळखुळाट. दुसऱ्याच्या पाठीवर टोप, पातेली आणि पाण्याचे कॅन. पहिल्याला सगळे 'सर' म्हणतात. दुसऱ्याला कुणी तरी 'अरे दादा, पाणी' म्हणतं. पाठीवर ओझं वाहणारा कधी शिट्टीवाला होईल का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: प्रशिक्षक व्हायला आधी मोठा गिर्यारोहक व्हावं लागतं, या पोरांनी सुळके किती केलेत?

मला हे उत्तर पटत नाही. याच्या नेमकं उलट, 'डोंगरातच जन्मलेल्याला काय शिकवायचं' हे महाड-पोलादपुरात अभिमानाने दिलं जाणारं उत्तरही पटत नाही. पण पहिल्याचा समाचार आधी घेतो, कारण त्यात निम्मं खरं आहे.

त्यांचं म्हणणं असं. सह्याद्रीचा कातळ भरवशाचा नाही. हाताला चांगली वाटणारी पकड अख्खी निखळून येते. दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी जीव असतो. तेव्हा शिकवणाऱ्याकडे कौशल्याची शिल्लक हवी. शिल्लक हवी हे कबूल. पण ती कशाच्या मानाने मोजायची? अवघड सुळक्याच्या, की जे शिकवायचं त्याच्या? कोकणात पोरांना विहिरीत पोहायला शिकवणारा काका आठवा. पाठीला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधायचं आणि द्यायचं ढकलून. या काकाने कधी स्पर्धा जिंकलेली नसते. पाण्यात असताना त्याला स्वतःचा विचार करावा लागत नाही, एवढंच. त्याचं सगळं लक्ष पोराच्या नाकातोंडाकडे. उलट पट्टीचा पोहणारा पुष्कळदा वाईट शिक्षक निघतो. आपण कधी काळी बुडत होतो, हे तो विसरलेला असतो.

बर्फाच्या देशांत हा हिशेब केव्हाच झाला आहे. कॅनडात स्कीइंगच्या पहिल्या पातळीच्या प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यात शिरायला शर्यत मारावी लागत नाही. मध्यम उतारावर ताबा ठेवून, दोन्ही स्की समांतर राखत सलग वळणं घेता आली की पुरे. कारण उघड आहे: त्या पातळीच्या माणसाने शिकवायचं ते नवशिक्यांना, सोप्या उतारावर. पुढची पातळी हवी तर पुढची परीक्षा. आपल्याकडे मात्र रायगडाच्या पायथ्याशी शाळकरी मुलांना दोराची पहिली गाठ कुणी शिकवायची, याचा निकाल सुळक्यांच्या यादीवर लावायचा!

आता दुसरा पक्ष. तो भावनेला हात घालतो, म्हणून जास्त चिवट. रायगडावरून हिरकणी उतरली, मग आमच्या पोरांना दोर काय शिकवता? आख्यायिका तशीच धरून चालू. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती बाई रात्री कडा उतरली. पण एकटी उतरली. सोबत दुसरी गवळण असती, पाय लटपटणारी, तर हिरकणीने तिला उतरवलं असतं का? पाय कुठं ठेवायचा हे पायाला कळणं वेगळं आणि ते दुसरीला तोंडाने सांगता येणं वेगळं. धनगरवाड्यावरचा म्हातारा घसाऱ्यावरून तरातरा उतरतो. त्याला विचारा, कसं? तो म्हणेल, असं. आणि पुन्हा उतरून दाखवेल. तो उत्तम वाटाड्या आहे. प्रशिक्षक नाही, आणि त्यात त्याचा काही कमीपणाही नाही.

आंबेनळी घाटाचा दाखला दोन्ही बाजूचे देतात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला जाताना पोलादपूर हद्दीत दरीत गेली. एक जण सोडून बसमधले सगळे गेले. पावसात, धुक्यात, निसरड्या उतारावर महाबळेश्वरचे ट्रेकर आणि या भागातले तरुण दोर लावून उतरले आणि मृतदेह वर आणले. 'बघा, इथली माणसं तयार आहेत', असं एक बाजू म्हणते. 'बघा, दोर तर गिर्यारोहकांचेच होते', असं दुसरी. मला त्यातून तिसरंच दिसतं. तशा उतारावर एकजण वजन ओढतो, एकजण अँकर राखतो आणि एकजण फक्त बघत असतो: कुणाचा दोर कातळाच्या धारेवर घासतोय, कुणाचा पाय दगड सोडतोय. हा बघणारा माणूस ना सुळक्यांच्या यादीतून तयार होतो, ना जन्माने. सावित्री नदीवरचा पूल २०१६ साली वाहून गेला, तळियेची दरड २०२१ साली आली. तिथली बचावाची कामं निराळी, तिथं दोराचा मुद्दा ओढून आणत नाही. पण दर पावसाळ्यात बाहेरच्या पथकांची वाट पाहणाऱ्या तालुक्यांत असे बघणारे गावोगाव हवेत, याबद्दल वाद नसावा.

तिसरा पक्ष प्रमाणपत्रवाल्यांचा. त्यांची वाट ठरलेली: दार्जिलिंग, उत्तरकाशी, मनाली किंवा पहलगामच्या संस्थेत बेसिक कोर्स, सुमारे चार आठवडे. त्यात 'ए' श्रेणी मिळाली तरच अॅडव्हान्स. त्यातही 'ए' मिळाली, तर शिकवण्याच्या पद्धतीचा कोर्स, आणखी तीन आठवडे. या संस्थांबद्दल मला आदरच आहे. पण ही सगळी पायपीट हिमालयासाठी आखलेली. तिथं 'ए' मिळवायची तर बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉनही सफाईने चालवावे लागतात. चंद्रगडाच्या वाटेवर क्रॅम्पॉन घालून कोण जाणार? उलट आपल्याकडचे प्रश्न, म्हणजे शेवाळलेला कातळ, मार्चच्या उन्हात संपलेलं पाणी, एका उग्र अत्तराने उठलेलं आग्या मोहोळ, तिथल्या अभ्यासक्रमात येणार कुठून? शिवाय दोन-तीन वेळा महिना महिना घर सोडायचं, तेही भात लावणी-कापणी सांभाळून, हे ढवळे गावातल्या पोराला परवडत नाही. चाळणी बारीक आहे यात शंका नाही. पण ती हुशारीबरोबर ऐपतही चाळते.

मग प्रशिक्षणाला सुरुवात करायला यावं तरी काय? माझ्या मते नाळेच्या घसाऱ्यावरून पंधरा किलोचं ओझं घेऊन, पायाकडे न बघता, मागच्याशी बोलत उतरता यावं. सोपा कातळ वरून दोर लावलेला असताना धापा न टाकता चढता यावा. दृष्टिभय वाटलं तरी चालेल, आवाज कापू नये. बिले देताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर राखताना, दोर धरलेला खालचा हात सुटता कामा नये, माशी नाकावर बसली तरी. आठाची गाठ अंधारात मारता यावी आणि, हे जास्त महत्त्वाचं, दुसऱ्याने मारलेली चुकीची गाठ चार हातांवरून ओळखता यावी. बस. लिंगाण्याचा माथा यात नाही, आणि बर्फही नाही. ही परीक्षा गावाजवळच्या कुठल्याही कातळावर एका दिवसात घेता येते. गावचा म्हणून कुणाला सूट नको. एकदा व्यावसायिक गटाबरोबर रॅपलिंग करून पुढच्या महिन्यात स्वतःच गट घेऊन येणारे शहरी 'लीडर' यात पहिल्या तासाला गळतील, आणि गावातले निम्मे बिलेवर अडकतील. अडकू देत.

'दर्जा घसरेल', ही ओरड मला ऐकू येते आहे. ती करणारे आत यायचं दार आणि बाहेर पडायचं दार यांत गल्लत करतात. आत यायचा उंबरा बेताचा ठेवा, बाहेरचा हवा तेवढा उंच करा. पुढे सहा महिने हाताखाली काम करायला लावा, प्रथमोपचार घ्या, बचावाच्या दोरांची उजळणी घ्या, नापास करा, पुन्हा बसवा. तिथं मी कडक परीक्षकांच्या बाजूने उभा राहीन. माझं भांडण एवढंच की, अजून शिकवलंच नाही ते येत नाही म्हणून माणसाला दारातून परत पाठवू नका.

काही वर्षांपूर्वी लिंगाणामाचीवर एका शिबिरात होतो. कोणाचं, ते सोडा. सकाळी सातला रांग लागली, शिट्टीवाले घाईत. पान्याकडचा एक पोरगा चहाचं पातेलं उतरवून उभा होता. तो एका मुलीच्या कमरेकडे टक लावून बघत राहिला, तेव्हा ती साहजिकच चिडली. पोरगा लाजला, चुळबुळला, मग शेजारच्या माणसाला हळूच म्हणाला, "काका, त्या ताईंचा पट्टा परत फिरवलेला नाय." हार्नेसचा पट्टा बकलमधून एकदाच ओवला होता, उलटा फिरवून घेतला नव्हता. वजन आलं की सरकला असता. दोन जणांनी तपासून तिला पुढे सोडलं होतं.

पट्टा नीट झाला. शिबिराच्या प्रमुखांनी पोराला विचारलं, "कोर्स केलायस का कुठं?"

"नाय. तीन वर्षं चहा देतो. रोज बघतो ना."

प्रमुख हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, चहा आण.