बोलावणे कोणी धाडायचे?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने २०२२ या एका वर्षात भारतातील सुमारे ८० हजार स्त्रियांचा बळी घेतला, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. या काळात तपासणी झाल्यास साध्या उपचाराने पुढचा अनर्थ टळतो. असे असता या मृत्यूंचे खापर दैवावर फोडण्यास आमची लेखणी धजत नाही.

बायका संकोचतात, दुखणी अंगावर काढतात, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण या रोगाच्या पूर्वावस्थेत अंगावर काढण्याजोगे दुखणेच नसते. जिला काही होत नाही तिने चूल, शेत, काजूची बागायत सोडून दवाखान्याची पायरी का चढावी? तिला बोलावणेच धाडावे लागते.

केंद्र सरकारने २०१६ साली तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे धोरण आखले. त्यानंतर २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय आढळले? तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती!

याला पुराव्याचा अभाव म्हणावे, तर जगाने मानलेला पुरावा मराठी मुलखातलाच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने दहावी शिकलेल्या सेविकांना सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी दोष ओळखण्यास शिकविले; तेथेही मृत्यू शेकडा ३१ ने घटले. तुलनेसाठी काही गटांची तपासणी केली गेली नव्हती. त्यांतील ज्या स्त्रिया गेल्या, त्यांच्या मृत्यूने सिद्ध झालेले ज्ञान आपण कपाटात ठेवावे काय?

मुलींना लस द्यावीच. परंतु आज तिशी-चाळिशीत असलेल्या त्यांच्या आयांना तिचा लाभ अत्यल्प; त्यांच्यासाठी तपासणी हाच मार्ग. आणि तो हारतुरे, छायाचित्रे आणि भाषणांच्या एकदिवसीय शिबिरांतून जात नाही.

गोव्याचे तालुके अवघे बारा. निवडणूक आली की मतदारयादी घेऊन पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येक उंबरठा गाठता येतो. तशीच तिशीपुढील स्त्रियांची यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी, आरोग्यसेविकेने नावानिशी बोलावणे करावे, तपासणी स्त्री कर्मचाऱ्याच्याच हातून व्हावी. दोष आढळलेल्या स्त्रीला चिठ्ठी देऊन बांबोळीची वाट दाखविणे पुरेसे नाही. उपचार पुरे होईतो तिचा पाठपुरावा त्या केंद्राकडेच राहावा. किती जणींना बोलावले, किती आल्या, किती बऱ्या झाल्या आणि किती दगावल्या, हे आकडे आरोग्यमंत्र्यांनी दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावेत, अशी आमची मागणी आहे.