लोकशिक्षण की प्रचार?

लोकशाहीतील सरकारला जनतेशी बोलावेच लागते. परंतु लोकांना समजावून सांगणे निराळे आणि त्यांच्याकडून होकार वदवून घेणे निराळे. हा भेद विसरल्यास काय होते, याचा धडा कुटुंबनियोजनाच्या बाबतीत आपल्या देशाला मोठी किंमत देऊन घ्यावा लागला आहे.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. अश्लीलतेचे खटले अंगावर आले, तरी वाचकांच्या शंकांना उत्तरे देणे त्यांनी सोडले नाही. कारणे सांगावी आणि निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, ही त्यांची रीत होती. लोकशिक्षण म्हणतात ते हेच.

१९५२ मध्ये सरकारने हेच कार्य हाती घेतले. पुढे लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर झळकू लागला. त्यात वावगे काही नव्हते. परंतु आणीबाणीत उद्दिष्टांचे आकडे ठरले, आणि अनेक राज्यांत शिक्षकांनाही ‘केसेस’ आणण्याच्या कामास जुंपण्यात आले. वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने शंकेला वाव उरला नाही. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही, एवढेच.

पुढच्याच वर्षी हा आकडा १० लाखांच्या आत आला. मूळ विचार खोटा नव्हता; विश्वास मात्र उडाला होता. पुढे उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते अशी अफवा पसरली. तिला जुन्या सक्तीच्या आठवणीने बळ दिले असल्यास नवल नाही. ती अफवा भित्तिपत्रकांनी हटली नाही. कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन मातांच्या शंका ऐकल्या, मौलवींनी साथ दिली, तेव्हा दारे उघडली. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला.

तेव्हा प्रचार तेवढा असत्य आणि शिक्षण तेवढे सत्य, अशी सोपी वाटणी करता येत नाही. सरकारी जाहिरात असो, पाठ्यपुस्तक असो वा मोबाइलवर आलेला संदेश असो, कसोटी एकच आहे: शंका विचारणाऱ्यास उत्तर मिळते, की त्यालाच शत्रू ठरविले जाते? उद्या एखादी साथ आली, तर सरकारच्या खऱ्या शब्दावरही लोकांचा विश्वास बसला पाहिजे. तो विश्वास ऐनवेळी जाहिरातींनी विकत मिळणार नाही. राज्यकर्त्यांनी आजच प्रश्न ऐकून घेण्याची सवय लावून घ्यावी, आणि नागरिकांनी ते विचारण्याची.