पगारी पोलीस आणि प्रतिभावान हेर

आमच्या सुशिक्षित वर्गात रहस्यकथा वाचणारे पुष्कळ आहेत. परंतु आपण त्या वाचतो असे चारचौघांत सांगण्याचे धैर्य थोड्यांच्याच अंगी असते, आणि ज्यांच्या अंगी असते तेही शेरलॉक होम्सचे नाव पुढे करून आपली अब्रू राखतात. होम्स वाचणे हे बुद्धिमत्तेचे लक्षण, आणि पोलिसांच्या रोजच्या तपासावरील कादंबरी वाचणे हा मात्र आगगाडीत वेळ काढण्याचा उद्योग, अशी ही वर्णव्यवस्था आहे. आमचे म्हणणे ह्याच्या नेमके उलट आहे. १९४५ ते १९७५ ह्या तीस वर्षांत न्यूयॉर्क, लंडन, स्टॉकहोम ह्यांसारख्या महानगरांतील पोलिसांवर ज्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्या होम्सच्या पंक्तीस बसण्यास योग्य आहेत इतकेच नव्हे, तर नागरिकाच्या मनाला वळण लावण्याच्या कामी त्या त्याच्याहून अधिक हितकर आहेत. हे विधान कित्येकांस धारिष्टाचे वाटेल. म्हणून आक्षेपकांचे म्हणणे एकेक घेऊन त्याचा विचार करू.

प्रथम हा प्रकार कोणता, ते सांगितले पाहिजे. रहस्यकथेचा जन्म १८४१ साली एडगर अॅलन पो ह्याच्या लेखणीतून झाला, तो पोलिसांच्या उपहासासहच झाला. पोचा द्युपँ आणि १८८७ साली अवतरलेला होम्स हे दोघेही खाजगी गृहस्थ. सरकारी पोलीस त्यांच्या कथांत येतात ते भलत्याच माणसास बेड्या ठोकण्यासाठी, आणि अखेरीस तोंडात बोट घालून उभे राहण्यासाठी. शंभर वर्षे हा साचा टिकला. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी वाचकांस वाचनाचे वेड लाविले. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हेही पोलीस खात्याच्या बाहेरचेच वीर होत. हा साचा मोडला तो १९४५ साली. त्या वर्षी लॉरेन्स ट्रीट ह्या अमेरिकन लेखकाची ‘व्ही अॅज इन व्हिक्टिम’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि ह्या नव्या शाखेची पहिली कृती म्हणून सामान्यतः तिचाच उल्लेख होतो. १९५५ साली जॉन क्रीझी ह्याने जे. जे. मॅरिक ह्या टोपणनावाने स्कॉटलंड यार्डच्या गिडियनला पुढे आणिले. आणि १९५६ साली एड मॅकबेनची ‘कॉप हेटर’ निघाली. तिच्यापासून सुरू झालेली ८७ व्या ठाण्याची मालिका २००५ साली लेखकाच्या मृत्यूपर्यंत चालली आणि तिच्यात पन्नासाहून अधिक कादंबऱ्या झाल्या.

मॅकबेनचे शहर काल्पनिक आहे, परंतु त्याच्या नकाशाखाली न्यूयॉर्क आहे हे कोणासही ओळखता येते. त्याची खरी कल्पकता अशी की, त्याने कथेचा नायकच रद्द केला. नायक एक माणूस नव्हे, तर एक ठाणे. करेला, मायर, क्लिंग, हॉज ही मंडळी पाळीपाळीने काम करतात. एक आजारी पडला तर दुसरा त्याचे कागद हाती घेतो. तिसऱ्याच पुस्तकात करेलाला मारून टाकावयाचे, असा लेखकाचा बेत होता. प्रकाशकांनी हरकत घेतली म्हणून तो वाचला. प्रकाशकांस नायक हवा होता, लेखकास नको होता, ह्यातच ह्या प्रकाराचे सर्व मर्म आले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, ह्या कादंबऱ्या कंटाळवाण्या असतात. शंभर दारे ठोठावयाची, नव्याण्णव ठिकाणी ‘काही ठाऊक नाही’ असे ऐकावयाचे, जबान्या टंकलिखित करावयाच्या, अहवाल वर पाठवावयाचे, ह्यात कथा ती कसली? ह्या प्रश्नाचे उत्तम उत्तर माय श्योवाल व पेर वाहलू ह्या स्वीडिश जोडीने दिले आहे. ह्या दोघांनी मॅकबेनच्या काही पुस्तकांचे स्वीडिश भाषांतर केले होते, आणि १९६५ ते १९७५ ह्या दहा वर्षांत स्टॉकहोमच्या मार्टिन बेकवर दहाच कादंबऱ्या लिहिल्या. पैकी पहिली ‘रोझाना’. उन्हाळ्यात एका कालव्याचा गाळ काढताना एका तरुणीचे प्रेत वर येते. कित्येक आठवडे ती कोण हेच कळत नाही. ती अमेरिकन प्रवासी होती असे कळल्यावर मग तिच्या बोटीवरील सहप्रवाशांनी काढलेली छायाचित्रे देशोदेशींहून मागवून घेण्यात येतात, आणि पोलीस ती डोळे दुखेपर्यंत पाहत बसतात. तपास सहा महिन्यांहून अधिक काळ चालतो. मधल्या काळात बेकला सर्दी होते, पोट दुखते, घरी बायकोशी कुरबुर चालते, आणि कित्येक दिवस काहीच घडत नाही.

हा कंटाळाच ह्या कादंबरीचा प्राण आहे. होम्स अशिलाच्या बाहीवरील डाग पाहून त्याचे चरित्र सांगतो, तेव्हा आपण टाळी वाजवितो. परंतु त्या टाळीत आपले स्वतःचे असे काहीच नसते, कारण आपल्यापैकी कोणासही तसे करता येत नाही व येणारही नाही. बेक जे करतो ते मात्र आपल्यापैकी प्रत्येकास करता येण्याजोगे आहे. केवळ आपण ते करीत नाही. एकच कागद चौथ्यांदा वाचणे, ज्याची उत्तरे मिळाली असे वाटते ते प्रश्न पुन्हा विचारणे, स्वतःच्या लाडक्या तर्कावर अविश्वास दाखविणे, हे गुण प्रतिभेचे नव्हेत, चारित्र्याचे आहेत. कचेरीत, शाळेत, इस्पितळात आयुष्य झिजविणाऱ्या मध्यमवर्गीय वाचकास ह्या कादंबऱ्यांची जी ओढ वाटते, तिचे मूळ येथे आहे. आपल्या रुक्ष कामास काही अर्थ असू शकतो, हे त्यास ह्या पानांवर प्रथमच कोणीतरी सांगितलेले असते.

शिवाय ह्याच दारे ठोठावण्यातून शहर दिसू लागते. १९६८ च्या ‘द लाफिंग पोलिसमन’मध्ये स्टॉकहोमच्या एका रात्रीच्या बसवर गोळीबार होऊन नऊ माणसे बळी पडतात. एक परिचारिका, एक अल्जेरियाहून आलेला मजूर, एक व्यापारी, आणि बेकच्याच खात्यातील एक तरुण पोलीस. गोळी कोणासाठी होती हे ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक मृताचे आयुष्य उलगडावे लागते. त्या दिव्यांच्या नगरीत माणसे किती एकाकी राहतात, परदेशी मजुरांची बिऱ्हाडे कशी असतात, प्रतिष्ठितांच्या खिशात काय सापडते, हे वाचकास व्याख्यानाने नव्हे, तर पंचनाम्याने कळते. एवढी समाजस्थिती इतक्या थोड्या पानांत सांगणाऱ्या ‘गंभीर’ म्हणविणाऱ्या कादंबऱ्या किती आहेत, ते आक्षेपकांनी सांगावे.

दुसरा आक्षेप कालबाह्यतेचा. आता जनुकीय चाचण्या आहेत, रस्तोरस्ती कॅमेरे आहेत, खिशातला फोन माणसाचा ठावठिकाणा सांगतो; तेव्हा कार्डांचे खण धुंडाळणाऱ्या पोलिसांच्या कथा ही निव्वळ जुन्या काळाची हौस होय, असे म्हणतात. आक्षेपकांनी एक सत्य घटना लक्षात घ्यावी. इंग्लंडातील लेस्टरशायर परगण्यात १९८३ व १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाचा कबुलीजबाबही दिला. अॅलेक जेफ्रीज ह्यांनी नुकत्याच शोधलेल्या जनुकीय चाचणीने दाखविले की दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. त्यानंतर पोलिसांनी सुमारे पाच हजार पुरुषांच्या रक्ताचे नमुने घेतले. एकही जुळला नाही. कारण खऱ्या खुन्याने आपल्याऐवजी दुसऱ्यास रक्त देण्यास पाठविले होते. हे उघडकीस आले ते त्या दुसऱ्याने एका मद्यगृहात सहज काढलेल्या उद्गारांवरून, आणि ते ऐकणाऱ्या व्यक्तीने अखेर पोलिसांस कळविल्यावरून. नव्या शास्त्राने निरपराध सोडविला, ही त्याची थोरवी निर्विवाद आहे. परंतु खुनी सापडला तो माणसांच्या बोलण्यातून आणि हजारो नोंदींच्या ओझ्यातून. ८७ व्या ठाण्यात हेच घडते. यंत्रे बदलली, माणूस खोटे का बोलतो आणि खरे केव्हा बोलतो, हा प्रश्न बदललेला नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो हसण्यावारी नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो असा की, ह्या कादंबऱ्या म्हणजे पोलिसांची भाटगिरी होय. ज्या खात्याचा दंडुका गरिबाच्या पाठीवर प्रथम पडतो, त्या खात्यास त्या गोड माणसांचे घर म्हणून रंगवितात. मॅकबेनच्या पुष्कळ पानांवर हा गोडवा आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु स्वीडिश जोडी मार्क्सवादी होती, आणि त्यांनी दहाही कादंबऱ्यांस मिळून ‘एका गुन्ह्याची कथा’ असे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनातील गुन्हेगार आपल्या देशाची राज्यव्यवस्था हा होता. १९६५ साली स्वीडनमधील पोलीस मध्यवर्ती सरकारच्या हाती गेले. त्यानंतर खाते कसे उद्दाम व आंधळे होत गेले, हे ते पुस्तकागणिक दाखवीत जातात. ‘द लाफिंग पोलिसमन’मधील बसजवळ प्रथम पोचलेले दोन शिपाई सगळा पुरावा पायांखाली तुडवितात. ह्यास भाटगिरी म्हणावयाचे असेल, तर निंदा कशास म्हणावयाचे?

परंतु ह्या आक्षेपाचे खरे उत्तर ह्याहून खोल आहे. पोलिसांची भाटगिरी खरोखर कोठे चालते? ती पंचनामे लिहिणाऱ्या पोलिसांच्या कादंबरीत चालत नाही. ज्यास पंचनाम्याची गरजच वाटत नाही अशा वीराच्या कथेत चालते. गुन्हेगार कोण हे ह्या वीरास आधीच ठाऊक असते. साक्षीपुरावा, वकील, न्यायाधीश हे त्याच्या वाटेतील अडथळे असतात. द्युपँपासून चालत आलेला अंतर्ज्ञानी हेर आणि आजच्या पडद्यावरील पिस्तुलधारी अधिकारी ह्यांचे कूळ एकच आहे. दोघांनाही शंका म्हणून येत नाही. २००४ साली निघालेल्या ‘अब तक छप्पन’ ह्या हिंदी चित्रपटाच्या नावातच मृतांची मोजदाद आहे. आणि ही केवळ पडद्यावरची गोष्ट नव्हे. १९९५ ते १९९७ ह्या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मृत्यू पावली. त्या प्रकरणी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ह्या संस्थेने दाद मागितली, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंच्या चौकशीसाठी १६ निर्देश दिले. चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक देऊ नये, हे त्यांपैकी एक. न्यायालयास हे सांगावे लागले, ह्याचा अर्थ समाज काय करीत होता ते उघड आहे. आम्ही घरी बसून टाळ्या वाजवीत होतो.

ह्या बाबतीत एक विचित्र योगायोग नोंदण्यासारखा आहे. १९६४ साली एच. आर. एफ. कीटिंग ह्या इंग्रजाने ‘द परफेक्ट मर्डर’ ही कादंबरी लिहिली; तिचा नायक मुंबईचा फौजदार गणेश घोटे, आणि लेखकाने तोवर मुंबई पाहिलीही नव्हती. त्याच्या मुंबईत चुका असतील. परंतु वरिष्ठांस भिणारा, पदोपदी स्वतःविषयी साशंक होणारा, तरीही प्रश्न विचारण्याचे न सोडणारा हा मराठी आडनावाचा फौजदार आमच्या पडद्यावरील कोणत्याही सिंहापेक्षा सभ्य मनुष्य आहे. त्याच्या हाती आपला जीव सोपविण्यास आम्हांस भीती वाटणार नाही.

तात्पर्य, प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. आपण फावल्या वेळी ज्या मनुष्याचे कौतुक करतो, त्याच प्रकारच्या मनुष्याच्या हाती अधिकार असावा असे आपणांस हळूहळू वाटू लागते. ज्यास सारे आधीच ठाऊक असते त्याचे कौतुक करण्याची सवय जडलेल्या समाजात, कबुलीजबाब देऊन बसलेल्या त्या सतरा वर्षांच्या मुलासाठी पुन्हा तपास करण्याची तसदी कोणी घेणार नाही. ह्या जुन्या कादंबऱ्या वाचकास दुसरी सवय लावतात: ठाऊक नाही असे म्हणण्याची, लिहून ठेवण्याची, पुन्हा विचारण्याची, आणि आपला अंदाज चुकला तर माणूस सोडून देण्याची. ज्या घरांत मुलांच्या हाती होम्स आवर्जून दिला जातो, तेथे त्याच्या शेजारी ‘रोझाना’ आणि ‘कॉप हेटर’ ही दोन पुस्तके ठेवावीत, एवढीच आमची वडीलधाऱ्यांस विनंती आहे. मुलांस ती प्रथम संथ वाटतील. वाटू द्यावीत, न्यायाचे कामही संथच असते.