हात देऊं का?

वार्धक्यांत दांत जातात, दृष्टि मंदावते. ताठा तेवढा जातां जात नाहीं. परवां ठाणें स्टेशनच्या जिन्यावर एका तरुणानें विचारलें, "आजोबा, हात देऊं का?" मीं रागानें "नको" म्हटलें, आणि तीन पायऱ्यांनंतर त्याचाच दंड धरला! तो बिचारा हंसला नाहीं. हंसूं आलें तें मलाच.

तेथून मराठी ग्रंथसंग्रहालयांत गेलों. १८९३ सालीं तें स्थापन झालें, तेव्हां संस्थापकांपैकीं विनायक लक्ष्मण भावे ऐन विशींतले होते. पुढें 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून १९२६ सालीं ते निवर्तले. मला लाभलेली साठी त्यांस लाभली नाहीं. त्यांच्या संस्थेनें मात्र शंभरी केव्हांच ओलांडली. कां? तर प्रत्येक पिढीनें पुढें केलेला हात तिनें घेतला. "नको" म्हटलें नाहीं.

वाचकहो, आपण वृद्ध मात्र आधार नाकारतों आणि त्यास स्वाभिमान म्हणतों! स्वतःस हंसतां आलें कीं हें कोडें उलगडतें. आणि न हंसणारा घरांतल्यांस जड होतो, तो वयामुळें नव्हे.

परततांना त्याच जिन्यापाशीं मींच एका मुलास विचारलें, "बाळ, जरा हात देतोस?"