काडी वेळेत घ्या

आमच्या आचऱ्याच्या परड्यातला रायवळ गेल्या पावसात आडवा झाला. त्याच्या आंब्यांचं सासव संपलं, कारण कुणी कलमच बांधलं नव्हतं. कोय रुजवून तोच आंबा मिळेलच असं नाही. त्याच झाडाची काडी लागते.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोयकलम कोकणभर नेलं. बाठ्यातून आलेलं १५ दिवसांचं तांबूस रोप, पाचरीसारखी तासलेली काडी, वर प्लास्टिकची पट्टी. बस्स. माझी पहिल्या वर्षी १० पैकी ८ कलमं मेली. पट्टी सैल होती. नर्सरीत हापूस मिळतो, शेजारच्या विहिरीवरचा बिननावाचा आंबा नाही. म्हणून म्हणतो, जुलैतल्या एखाद्या शनिवारी शाळेत पोरांच्या हाती कलमाचा चाकू द्या. बोट कापेल. माझंही कापलंय.