ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं नव्हे

सोशल मीडियाच्या आहारी गेलेल्यांना द्यायचा उपदेश ठरलेला आहे: फोन बाजूला ठेवा, पुस्तक वाचा, मुलांना मैदानावर पाठवा. उपदेश खोटा नाही, पण ज्या आईला मुलीचा गृहपाठ शाळेच्या ग्रुपवरच मिळतो, तिने फोन बाजूला ठेवायचा कसा? आपलं हे परावलंबन सवयीपेक्षा सोयीतून जास्त वाढलं आहे आणि ती सोय संस्थांनी स्वतःची पाहिली. म्हणून माझं म्हणणं शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना उद्देशून आहे.

१. नळाला पाणी कधी येणार, रेशनचं धान्य कधी वाटणार, लसीकरण कुठल्या वारी, ग्रामसभा किती वाजता, हे पूर्वी दवंडीने आणि फळ्यावरून कळायचं. आता बऱ्याच ठिकाणी 'ग्रुपवर टाकलंय' एवढंच उत्तर मिळतं. ज्या म्हातारीकडे साधा फोन आहे, ज्याचं रिचार्ज संपलंय, ज्या घरातला एकच स्मार्टफोन घेऊन मुलगा कामावर गेलाय, त्यांना ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, सरपंचांशी वाजलं म्हणून ज्याला ग्रुपमधून काढलं त्यालाही कळत नाही. ॲडमिनला कुणी निवडून दिलेलं नसतं, तरी गावाचा निरोप कुणापर्यंत जावा हे त्याच्या हातात येतं. फळ्यासमोरून कुणाला असं काढून टाकता येत नाही.

२. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. तिन्ही एकाच कंपनीचे. गावाचा निरोप त्या कंपनीच्या यंत्रांवर टांगून ठेवू नये, याला एवढं कारण पुरेसं आहे.

३. खरा धोका राईनपाड्याने दाखवला. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचं जाहीर केलं. कंपनीने तिच्या परीने काहीतरी केलं. आपण काय केलं? आजही तलाठ्याचा निरोप आणि कुणीतरी उठवलेली अफवा एकाच पडद्यावर, एकाच अक्षरात, एकाच ओळखीच्या माणसाच्या नावाने येते. गावाचा अधिकृत शब्द वेगळ्या जागेवरून येत असेल, तरच त्या जागेवर नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस शंका घेईल. पाच माणसं गेल्यावरही हे आपल्याला सुचू नये, याचा मला संताप येतो.

४. फोन बाजूला ठेवणं एकेकट्याने जमत नाही, गावाने मिळून जमतं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं: संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठपर्यंत मुलांचा अभ्यास. लॉकडाउनमधल्या ऑनलाइन शाळेने मुलांच्या हाती फोन दिला होता आणि शाळा उघडल्या तरी तो सुटत नव्हता. या निर्णयात बायकांनी पुढाकार घेतला आणि आशा, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. एका घराने फोन बंद केला तर त्या घरातलं मूल एकटं पडतं. सगळ्या गावाने केला तर कुणीच एकटं पडत नाही. दीड तास छोटा वाटेल, पण तो गावाने स्वतःच्या ठरावाने मिळवला.

५. संस्थांनीही आपल्या माणसांच्या हातातला फोन सुटू द्यावा: रात्री दहाला शिक्षकांकडून किंवा आशाताईंकडून ग्रुपवर माहिती आणि फोटो मागवणं बंद व्हावं.

६. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आणि सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा. प्रत्येक सार्वजनिक सूचना आधी फळ्यावर लागेल, गरज असेल तिथे दवंडीने किंवा भोंग्यावरून दिली जाईल, त्यानंतर वाटल्यास ग्रुपवर जाईल. गृहपाठ वर्गातच वहीत लिहून दिला जाईल. ज्या सूचनेवर तारीख, सही आणि शिक्का नाही, ती दिली गेली असं कुठल्याही कामासाठी धरलं जाणार नाही.